हवेच्या काट्याला शिक्का कोणाचा?

किराणा दुकानातला वजनकाटा वैधमापन विभागाकडून ठरावीक मुदतीने तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. मुदत उलटलेला काटा वापरला तर दुकानदाराला दंड होतो. साखर पन्नास ग्रॅम कमी भरली तर ग्राहकाचे नुकसान दोन-अडीच रुपयांचे. तरीही त्यासाठी कायदा आहे, निरीक्षक आहेत, प्रमाणित वजने आहेत. मुंबईत गेल्या काही वर्षांत आणखी एका प्रकारचा काटा ठिकठिकाणी दिसू लागला आहे. बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणाजवळ, एखाद्या खांबावर, कुठे शाळेच्या गच्चीवर लावलेली लहानशी पेटी. ती हवा मोजते. तिच्या आकड्यावरून बांधकामाला नोटीस जाऊ शकते, शाळेचा खेळाचा तास वर्गात भरू शकतो, दम्याच्या रुग्णाने सकाळी फिरायला जायचे की नाही हे ठरू शकते. या काट्यावर शिक्का कोणाचा, तो किती दिवसांनी मारायचा आणि कशाशी ताडून मारायचा, हा प्रश्न मात्र अजून बाजूलाच राहिला आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडल्यावर महापालिकेने धूळ रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कुंपणाची उंची, हिरवे कापड, पाण्याची फवारणी, गाड्यांची चाके धुणे यांबरोबरच बांधकामाच्या जागी सेन्सरवर चालणारे प्रदूषणमापक बसवावेत, प्रदूषण मर्यादेबाहेर गेल्यास तातडीने उपाय करावेत आणि त्या नोंदी अधिकाऱ्यांना पाहायला उपलब्ध ठेवाव्यात, असेही त्यात होते. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. पुढे या पेट्यांचा डेटा महापालिकेच्या मध्यवर्ती डॅशबोर्डला जोडण्याचे पाऊल उचलले गेले आणि आयआयटी कानपूरच्या साह्याने शहरभर सेन्सरचे दाट जाळे उभारण्याची योजनाही हाती घेण्यात आली. म्हणजे कालपर्यंत निव्वळ माहितीसाठी असलेला आकडा आता कारवाईचा आधार होऊ पाहतो आहे. हा बदल छोटा नाही. माहिती देणारा आकडा थोडा इकडेतिकडे असला तर चालते. ज्याच्यावर नोटीस निघते तो आकडा वादीप्रतिवादीसमोर टिकावा लागतो.

एका मायक्रोग्रॅमची किंमत

३० डिसेंबर २०२४ रोजी मुंबई महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा या दोन भागांतील सर्व बांधकामे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. तेथील हवा गुणवत्ता निर्देशांक सतत २०० च्या वर जात होता. काही दिवसांनी हवा सुधारल्यावर बंदी उठली. हा निर्णय मोठ्या निरीक्षण केंद्रांच्या नोंदींवर आधारलेला होता, तरी २०० ही रेघ कशी आखली गेली आहे हे त्या निमित्ताने पाहण्यासारखे आहे.

भारताचा राष्ट्रीय निर्देशांक एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला. हवेत एक घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम धूलिकण आहेत, हा मूळ मोजलेला आकडा. त्याचे रूपांतर शून्य ते पाचशेच्या पट्टीवर केले जाते. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, ३० पर्यंत हवा ‘चांगली’, ६० पर्यंत ‘समाधानकारक’, ९० पर्यंत ‘मध्यम’ आणि त्यापुढे ‘वाईट’. निर्देशांकात याच पायऱ्या अनुक्रमे ५०, १०० आणि २०० होतात. बारकाईने पाहिले तर ६० ते ९० या तीस मायक्रोग्रॅमच्या पट्ट्यात निर्देशांक शंभर अंकांनी चढतो. म्हणजे मोजण्यात एका मायक्रोग्रॅमची चूक झाली की निर्देशांकात तीनहून अधिक अंकांची चूक होते.

आता समजा, एखाद्या भागातील खरे प्रमाण बरोबर ९० आहे आणि सेन्सर दहा टक्के चुकतो. दहा टक्के म्हणजे फार नव्हे, या यंत्रांच्या हिशेबाने ती चांगलीच कामगिरी. पण तो कमी दाखवत असेल तर पडद्यावर ८१ उमटेल आणि निर्देशांक १७० च्या आसपास, ‘मध्यम’ येईल. जास्त दाखवत असेल तर ९९, निर्देशांक २३० च्या जवळ, ‘वाईट’. हवा तीच, मजूर तेच, धूळ तीच. एका पेटीच्या हिशेबाने काम चालू राहील आणि दुसरीच्या हिशेबाने बंद पडेल. चूक कधी वर, कधी खाली अशी होत असेल तर चोवीस तासांच्या सरासरीत ती बरीचशी विरून जाते. सेन्सर एकाच बाजूला झुकलेला असेल तर मात्र कितीही सरासरी काढली तरी झुकाव तसाच राहतो. तपासणी हवी ती नेमकी हा झुकाव पकडण्यासाठी.

तिळाच्या निम्मे वजन

धूलिकण मोजण्याची सर्वांत विश्वासाची पद्धत अजूनही वजन करण्याचीच आहे. आधी वजन करून ठेवलेल्या गोल फिल्टरमधून मिनिटाला साधारण १६.७ लिटर या वेगाने चोवीस तास हवा ओढतात. दिवसभरात सुमारे २४ घनमीटर हवा त्यातून जाते. मग ठरलेल्या तापमानाच्या व आर्द्रतेच्या खोलीत फिल्टर ठेवून पुन्हा वजन करतात. पीएम २.५ चे प्रमाण ६० असेल, म्हणजे भारताच्या चोवीस तासांच्या मर्यादेवर असेल, तर त्या फिल्टरवर दिवसभरात जमा होते जेमतेम १.४ मिलिग्रॅम धूळ. एका तिळाच्या दाण्याच्या निम्म्याहून कमी. एवढ्याशा वजनावर शहराच्या हवेचा निवाडा होतो, हे लक्षात घेतले की मोजणीतली नजाकत कळते.

शहरातील मोठ्या केंद्रांत हेच काम यंत्र तासातासाला करते. फितीवर धूळ गोळा केली जाते आणि त्यातून बीटा किरण सोडले जातात; धूळ जितकी जास्त तितके किरण जास्त अडतात. हवा आत घेतानाच नळी तापवून तिच्यातील ओल कमी केली जाते. वायूंचेही मोजमाप करणारे असे पूर्ण केंद्र उभारायला कोटीच्या घरात खर्च येतो, शिवाय वातानुकूलित खोली, वीज, प्रशिक्षित माणूस. म्हणूनच दीड कोटीच्या आसपास वस्तीच्या महानगरालाही अशी केंद्रे मोजकीच असतात.

स्वस्त सेन्सर वजन करतच नाही. त्याच्या आत एक लहान पंखा असतो, एक लेसर आणि प्रकाश टिपणारा एक डोळा. हवेतले कण लेसरच्या वाटेत आले की प्रकाश विखुरतो. किती विखुरला यावरून कणांचा आकार व संख्या ताडली जाते आणि कणांची घनता अमुक आहे असे गृहीत धरून वजनाचा अंदाज बांधला जातो. उन्हात तरंगणारी धूळ पाहून खोलीत किती धूळ आहे हे सांगण्याचाच हा सुधारलेला प्रकार. ही घनता आणि कणांची चमक कारखान्यात ज्या धुळीवर ठरवली ती धूळ वेगळी आणि कुर्ल्याची धूळ वेगळी. डिझेलची काजळी काळी असते, प्रकाश शोषते, मीठ चमकते. एकाच वजनाचे हे दोन कण सेन्सरला सारखे दिसत नाहीत.

मुंबईत याला आणखी एक जोड आहे, समुद्राची. हवेतले मिठाचे कण सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की पाणी ओढून विरघळतात आणि फुगतात. आर्द्रता नव्वदीकडे सरकली की त्यांचा व्यास दुपटीच्या आसपास जातो, म्हणजे आकारमान सुमारे आठपट. मोठे केंद्र तापलेल्या नळीतून हे पाणी उडवून लावते. पेटीतला लेसर मात्र पाण्यालाच धूळ समजतो. पावसाळ्यातल्या किंवा हिवाळी पहाटेच्या दमट हवेत स्वस्त सेन्सरचे आकडे उगाच फुगलेले दिसतात ते यामुळे. चंद्रपूरच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत हीच पेटी वेगळी वागेल. त्यामुळे एका शहरात एका ऋतूत केलेली दुरुस्ती दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या ऋतूत जशीच्या तशी लावता येत नाही.

सर्वांत अडचणीची गोष्ट निराळीच आहे. बांधकामाची धूळ, म्हणजे सिमेंट, माती, दगडाचा चुरा, बहुतांशी जाडसर असते. ती पीएम १० मध्ये मोडते आणि तिच्यातला मोठा भाग अडीच मायक्रॉनच्या वरचा असतो. नेमके हेच कण स्वस्त सेन्सरला नीट दिसत नाहीत. छोट्या पंख्याची ओढ कमी, आतली वाट वळणाची. जड कण वळणावर भिंतीला चिकटतात किंवा आतच येत नाहीत. अनेक स्वस्त मॉडेलांमध्ये पीएम १० चा आकडा पुष्कळसा बारीक कणांवरून केलेला अंदाज असतो. धुराने भरलेली हवा या पेट्या बऱ्यापैकी ओळखतात, पण वाळूचे वादळ आले तरी त्यांचा आकडा फारसा हलत नाही, हा अनुभव अमेरिकेतल्या कोरड्या प्रदेशांतून पुढे आलेला आहे. म्हणजे ज्या धुळीसाठी ही पेटी बांधकामावर लावायची, तिच्याच बाबतीत तिची नजर अधू. जाड कण वेगळे मोजू शकणारी थोडी महाग यंत्रे मिळतात. कुठल्या जागी कुठले यंत्र लागले आहे, हे म्हणूनच केवळ ‘सेन्सर बसवला’ एवढ्या नोंदीवरून कळत नाही.

सात महिन्यांची परीक्षा

मुंबईत अशा सेन्सरची तपासणी झालीच नाही असे नाही. उलट देशातला एक चांगला प्रयोग इथेच झाला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजच्या मदतीने नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात मंडळाच्या १५ केंद्रांजवळ ४० सेन्सर लावून त्यांचे आकडे शेजारच्या मोठ्या यंत्रांशी ताडून पाहिले. सेन्सर चार भारतीय नवउद्योगांचे होते. सेन्सर सुमारे ८५ ते ९० टक्के अचूक आढळल्याचे जाहीर झाले आणि कमी खर्चाचे जाळे उभारता येईल असा विश्वास त्यातून मिळाला. नवउद्योगांना आपापली यंत्रे खुल्या परीक्षेला बसवावी लागली, ही तर आणखी जमेची बाजू.

तरीही या टक्केवारीचा अर्थ नीट लावायला हवा. अनेक घरांत भिंतीवरचे घड्याळ मुद्दाम दहा मिनिटे पुढे ठेवलेले असते. ते खऱ्या वेळेशी पावलापावलाने जुळते, खरी वेळ वाढली की तेही वाढते. दोघांच्या चालीचा मेळ शंभर टक्के, पण वेळ चुकीचीच. सेन्सरच्या बाबतीत असा चालीचा मेळ आणि आकड्याचा अचूकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत बहुधा पहिलीच दाखवली जाते. शिवाय सरासरीत ९० टक्के अचूक असलेला सेन्सर ज्या तासाला हवा सर्वांत वाईट असते, त्या तासाला किती अचूक होता, हे सरासरी सांगत नाही.

आणि नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत मुंबईचा पावसाळा येत नाही. परीक्षा झाली ती वर्षातल्या तुलनेने कोरड्या काळात. धूर-धुळीचा हंगाम तोच असल्याने ते समजण्यासारखे आहे, पण पेट्या भिंतीवर बारा महिने असतात. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत त्यांच्यात पाणी शिरते, पंख्यावर ओली धूळ बसून घट्ट होते, आत कोळी जाळे विणतो. लेसर म्हातारा होतो. नायट्रोजन डायऑक्साइड किंवा ओझोन मोजणाऱ्या रासायनिक सेन्सरचे तर आयुष्यच दोनेक वर्षांचे, आणि त्यांना या दोन वायूंत फरक करणेही अवघड जाते. नवी कोरी पेटी परीक्षेत उत्तीर्ण झाली म्हणून दोन पावसाळे खाल्लेली पेटीही उत्तीर्ण आहे, असे धरता येत नाही. गाडीच्या पीयूसीलाही मुदत असते.

शंभराचे त्रेपन्न

अमेरिकेत हा प्रश्न वणव्यांमुळे ऐरणीवर आला. तेथे हजारो लोकांनी घराबाहेर ‘पर्पलएअर’ या कंपनीचे सेन्सर लावलेले आहेत. वणव्याचा धूर कुठे पोचला हे सरकारी केंद्रांच्या विरळ जाळ्यातून कळेना, तेव्हा तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने हे खासगी आकडे २०२० मध्ये आपल्या धुराच्या नकाशावर घेतले. मात्र जसेच्या तसे नाही. देशातल्या अनेक राज्यांत हे सेन्सर सरकारी यंत्रांशेजारी ठेवून एक दुरुस्तीसूत्र काढण्यात आले. त्यात कच्चा आकडा जवळपास निम्मा केला जातो, आर्द्रतेनुसार थोडा आणखी उतरवला जातो आणि एक स्थिर अंक मिळवला जातो. कच्चा आकडा १०० आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर नकाशावर ५३ च्या आसपास दिसतो. प्रत्येक पेटीत दोन सेन्सर असतात. दोघांचे फार बिनसले की ती नोंद वगळली जाते.

ते सूत्र अमेरिकेच्या हवेसाठी आहे, मुंबईच्या मीठमिश्रित हवेला ते लावणे चुकीचे ठरेल. घेण्यासारखी आहे ती शिस्त. कॅलिफोर्नियात दक्षिण किनाऱ्याच्या वायुनियंत्रण मंडळाने २०१४ पासून सेन्सर तपासणारी वेगळी प्रयोगशाळा चालवली आहे. बाजारातली यंत्रे घेऊन तपासायची आणि चांगला-वाईट निकाल नावानिशी सर्वांसमोर मांडायचा, ही तिची रीत. अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये पीएम २.५ च्या सेन्सरसाठी जी उद्दिष्टे ठरवली त्यांत एकाच मॉडेलची किमान तीन यंत्रे, दोन वेगळ्या ठिकाणी, प्रत्येकी तीस दिवस तपासावीत असे म्हटले आहे. गंमत म्हणजे ही उद्दिष्टे तशी सैलच आहेत. सेन्सरचा आकडा खऱ्याच्या ०.६५ ते १.३५ पट या कलात असला तरी चालतो. कारण ही यंत्रे माहितीसाठी आहेत, कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नाहीत, असे तिथे आधीच स्पष्ट केलेले आहे. युरोपनेही २००८ च्या आपल्या निर्देशात दोन दर्जे ठेवले: धूलिकणांच्या पक्क्या मोजमापाला २५ टक्क्यांपर्यंत अनिश्चितता चालेल, सूचक मोजमापाला ५० टक्क्यांपर्यंत. कोणता आकडा कोणत्या कामाचा, हे आधी ठरले.

आपल्याकडे याच टप्प्यावर गडबड होण्याचा धोका आहे. हवेच्या आणि उत्सर्जनाच्या मोजमापयंत्रांची पडताळणी करण्याची जबाबदारी केंद्र सरकारने २०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेवर सोपवली. ते आवश्यकच होते. पण प्रमाणपत्र मिळते ते मॉडेलला. प्रत्यक्ष कुंपणावर टांगलेली पेटी आज कशी चालते आहे, हे पाहायला कुणीतरी त्या कुंपणापाशी जावे लागते. ती पेटी विकत घेतो विकासक, लावतो विकासक, तिची देखभाल करतो विकासकाचा ठेकेदार, आणि ती साक्ष देणार विकासकाविरुद्ध. पेटी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, खडी-वाळूपासून दूर लावली तर कुणी खोटे बोलल्याशिवायही आकडा चांगला येतो. शहरातल्या मोठ्या केंद्रांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम आहेत: हवा घेणारी नळी जमिनीपासून तीन ते दहा मीटर उंच, झाडांपासून वीस मीटर दूर, किमान तीन बाजूंनी वारा मोकळा. बांधकामावरच्या पेटीलाही असाच नियम आणि तो पाळला की नाही हे पाहणारी त्रयस्थ नजर लागेल.

कायद्याची बाजूही कच्ची आहे. १९८१ च्या हवा कायद्याच्या २६ व्या कलमात नमुना कसा घ्यायचा हे सविस्तर दिले आहे. मालकाला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुना घ्यायचा, डब्यात बंद करून मोहोर लावायची, सह्या घ्यायच्या, मंडळाच्या प्रयोगशाळेकडे धाडायचा. ही रीत पाळली नाही तर उत्सर्जनाच्या नमुन्याचा अहवाल पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. चिमणीतून निघणारा धूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले हे कलम आहे. दर मिनिटाला मोबाइल जाळ्यावरून येणाऱ्या आकड्याला मोहोर कशी लावायची याचे उत्तर त्यात असणे शक्यच नव्हते. उद्या एखाद्या विकासकाने न्यायालयात उभे राहून ‘माझ्या पेटीची शेवटची तपासणी कधी झाली?’ असा सवाल केला, तर उत्तराचा कागद हाताशी असला पाहिजे. तो नसेल तर खरोखर धूळ उडवणाराही सुटेल.

मोठी केंद्रे तरी निर्दोष आहेत का?

सेन्सरची परीक्षा ज्यांच्या शेजारी घ्यायची त्या मोठ्या केंद्रांवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. दिल्लीतील वाहनप्रदूषणावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तेथील विधानसभेत मांडला गेला. तेथील केंद्रांच्या जागा केंद्रीय मंडळाच्या निकषांत बसत नसल्याचे त्याने नोंदवले. त्याच वर्षीच्या दिवाळीत अनेक केंद्रांच्या नोंदी तुटक असल्याची वृत्ते आली आणि न्यायमित्रांनी ती सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणली. केंद्रांभोवती पाणी फवारून आकडे उतरवले जातात, असा आरोप विरोधकांनी केला. सरकारने तो फेटाळला. आरोपाचे काहीही होवो, मोजक्याच केंद्रांवर सगळी भिस्त असली की संशयाला जागा उरते. केंद्रांच्या मधल्या जागेत दाट आणि तपासलेले सेन्सर असतील, तर एखाद्याच केंद्राचा आकडा अचानक उतरला हे लगेच उठून दिसते. स्वस्त सेन्सरचा हा उपयोग फारसा बोलला जात नाही.

मुंबईपुरती एक गोष्ट आणखी. वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीचे यंत्र अनेक वर्षे पीएम २.५ चे आकडे जगापुढे ठेवत होते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या जगभरच्या वकिलातींच्या नोंदी प्रसिद्ध करणे थांबवले. ताडून पाहायला असलेला एक स्वतंत्र आकडा त्या दिवशी कमी झाला.

उपाय फार खर्चिक नाहीत. सेन्सरच्या जाळ्यातल्या प्रत्येक मॉडेलच्या दोन-तीन पेट्या मोठ्या केंद्रांशेजारी बारा महिने कायम ठेवायच्या. त्यांच्यावरून त्या-त्या महिन्याची दुरुस्ती काढून सगळ्या जाळ्याला लावायची. बाकीच्या पेट्या आळीपाळीने तिथे आणून काही आठवडे बसवायच्या. संशय आलेली पेटी सुधारेपर्यंत डॅशबोर्डवरून काढायची, आणि कच्चा व दुरुस्त असे दोन्ही आकडे संशोधकांना खुले ठेवायचे. बांधकामांच्या बाबतीत एवढ्याने भागणार नाही. तिथे पेटीच्या आकड्याला कारवाईचा पुरावा न मानता तपासणीची घंटा मानणे जास्त रास्त. पेटी वाजली की अधिकाऱ्याने पक्के फिरते यंत्र घेऊन जावे, मोजावे आणि मग नोटीस द्यावी. आयआयटी कानपूरच्याच पुढाकाराने बिहारच्या सर्व ५३४ ब्लॉकमध्ये आणि उत्तर प्रदेशात मिळून सुमारे चौदाशे सेन्सर बसले आहेत. जिथे एकही मोठे केंद्र नव्हते अशा गावांना त्यामुळे पहिल्यांदा आकडा मिळाला. तिथे थोडा चुकणारा आकडाही काहीच नसण्यापेक्षा कितीतरी मोलाचा. मुंबईत प्रश्न वेगळा आहे, कारण इथे आकड्यामागे नोटीस आहे.

निविदांमध्ये मात्र पेट्या किती, किती दिवसांत बसवणार आणि डॅशबोर्ड कसा दिसणार यावरच भर राहतो. पुढच्या पाच वर्षांच्या तपासणीचा खर्च त्यात वेगळा दाखवला नसेल, तर ती तपासणी होणार नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

घरी अ‍ॅप पाहणाऱ्याने काय करावे?

गोवंडी, माहुल किंवा चेंबूरमधल्या दम्याच्या रुग्णाला हे सारे वाद मिटेपर्यंत थांबता येत नाही. त्याच्या हातातल्या अ‍ॅपचा आकडा आणि सरकारी आकडा यांत बऱ्याचदा दुपटीचा फरक दिसतो आणि दोष सेन्सरला दिला जातो. पुष्कळदा फरक पट्टीचा असतो. पीएम २.५ चे प्रमाण ६० असताना भारतीय निर्देशांक १०० येतो, हवा ‘समाधानकारक’. अमेरिकी पट्टीवर तेच ६० जवळपास १५४ होते, हवा ‘अपायकारक’. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा सरकारी निर्देशांक ४९४ होता, त्याच दिवशी एका खासगी अ‍ॅपवर दीड हजारांच्या पुढचे आकडे दिसले. भारतीय पट्टी ५०० वर संपते, त्यापुढे ती चढतच नाही. शिवाय सरकारी आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा, अ‍ॅपचा त्या क्षणाचा. म्हणून निर्देशांक सोडून मायक्रोग्रॅमचा मूळ आकडा पाहावा. बहुतेक अ‍ॅप तो थोडा खाली कुठेतरी दाखवतात. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची पीएम २.५ ची मर्यादा १५ आहे, भारताची ६०. ज्याला आधीच श्वासाचा त्रास आहे त्याने ‘समाधानकारक’ या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही.

शेजारच्या दोन पेट्यांत एकीवर ९५ आणि दुसरीवर १०२ दिसले तर त्यांतून काहीच अर्थ काढू नये; तेवढा फरक यंत्रांचाच असतो. एकीवर ६० आणि दुसरीवर १५० असेल तर तो फरक बहुधा हवेचा आहे आणि कारण आसपासच सापडते: जळणारा कचरा, बेकरीची भट्टी, रात्री चालणारा काँक्रीटचा प्लांट. पहाटे पाच-सहाला, दव पडलेले असताना आकडा उंचावला आणि ऊन चढताच झपाट्याने उतरला तर त्यातला काही भाग पाण्याचा असू शकतो. पण मुंबईत हिवाळ्याच्या पहाटे हवा खरोखरही साचते, तेव्हा हे कारण देऊन फिरायला बाहेर पडण्यात शहाणपण नाही. फेरी दुपारी उशिरा नेलेली बरी. इन्हेलरची मात्रा अ‍ॅप पाहून बदलू नये, ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच घ्यावी. आणि सोसायटीसमोरच्या बांधकामावर पेटी लावलेली दिसली, तर ती शेवटची कधी तपासली, हे वॉर्ड कार्यालयात लेखी विचारता येते. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.